कपाट भिजलं, आता 'बाद' पुस्तकांची यादी मागितली आहे

पानखूण

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून लिहिते.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात एका जुन्या वाचनालयात देवघेव बघते. पद सहायक ग्रंथपालाचं. प्रत्यक्षात सकाळी कुलूप काढणं, वर्तमानपत्रं काठीला लावणं, वर्गणी थकलेल्यांना गोड आवाजात फोन करणं आणि दुपारी डुलक्या काढणाऱ्या आजोबांना बंद व्हायची वेळ झाल्याचं सांगणं, सगळं माझ्याकडेच. पगाराचा आकडा सांगत नाही, तुम्हाला अनामत रक्कम वाटेल. पण पुस्तकांत राहायला मिळतं, म्हणून टिकून आहे.

कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला पाऊस कसा कोसळतो ते इकडच्यांना सांगायला नको. आमची इमारत मंगलोरी कौलांची. माकडांनी दोन-तीन कौलं सरकवली आणि नेमक्या सुट्टीच्या दिवशी रात्रभर पाणी सागवानी कपाटाच्या पाठीवरून आत उतरत राहिलं. सकाळी दार उघडलं तर खालच्या दोन खणांतली पुस्तकं फुगून एकमेकांत अशी अडकलेली की एकही ओढून निघेना. कथासंग्रह, प्रवासवर्णनं, काही जुने मासिकांचे बांधीव खंड. शाईच्या पेनाने लिहिलेले दाखल क्रमांक पसरले, रबरी शिक्क्याचा जांभळा रंग आतल्या पानांत उतरला.

हे निस्तरत असतानाच कमिटीने निरोप दिला: कपाट रिकामं करायचंच आहे तर दहा वर्षांत कुणी न नेलेली पुस्तकं सगळीच बाद करा, रद्दीत घाला, त्या जागी स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी टेबलं टाकू. कमिटीतली माणसं वाईट नाहीत. अभ्यासिकेची फी दरमहा येते, कादंबरीवाला सभासद वर्गणी बुडवतो, हे मलाही दिसतं.

म्हणून यादी करायला बसले. मागच्या पानावरच्या तारखेच्या चिठ्ठ्या बघत सुटले. 2004, 1998, एकावर तर 1987. यादी भराभर वाढत होती. मग लक्षात आलं की यातल्या कितीतरी पुस्तकांत 51 व्या पानावर पेन्सिलीने आकड्याभोवती बारीक गोल केलेला आहे. तुमच्यापैकी जे वाचनालयात वाढले त्यांना माहीत असेल: हे पुस्तक आपण वाचलंय हे आठवावं म्हणून सभासद आपापली गुप्त खूण करतात. कुणी 27 व्या पानावर टिंब, कुणी शेवटच्या ओळीखाली रेघ. ही 51 वाली व्यक्ती प्रवासवर्णनांच्या अख्ख्या खणात हिंडून आलेली आहे.

तर विचारायचं ते हे. भिजलेल्यातलं काय वाचवता येतं आणि कसं? आणि बादची यादी करताना तुम्ही लोक कशावर काट मारता, कशावर मारत नाही?

चंदगडी पाऊस

आधी कौलं शेकारून घ्या. बाकी सगळं नंतर.

पानखूण

त्याच दिवशी केली. शेकारणारा म्हणाला, बाई, माकडांना सभासद करून घ्या, वर्गणी तरी येईल.

निवृत्त ग्रंथपाल

कोल्हापूर जिल्ह्यात या धंद्यात केस पांढरे केले आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

भिजलेल्या पुस्तकाची लढाई पहिल्या 48 तासांत असते. तेवढ्यात वाळणीला लागलं नाही तर बुरशी धरते. ओलं पुस्तक जबरदस्तीने उघडायचं नाही, पान फाटतं. पाणी निथळू द्यायचं, मग उभं करून पंख्यासारखं अलगद पसरवायचं आणि पंख्याचा वारा द्यायचा, अगदी तोंडावर नाही. उन्हात टाकणं ही सगळ्यांची पहिली हौस. उन्हात पुठ्ठा वेडावाकडा वळतो, डिंक तडकतो, कागद पिवळा पडून कडक होतो. पानांच्या मध्ये कोरा कागद घालायचा आणि ओला झाला की बदलायचा. छापील वर्तमानपत्र घातलंत तर कालचा अग्रलेख तुमच्या प्रवासवर्णनात उमटेल.

चित्रांचा गुळगुळीत आर्ट पेपर असेल तर मात्र सगळं सोडून आधी तिकडे पळा. तो ओला असेपर्यंतच एकेक पान सुटतं. एकदा चिकटून वाळला की त्याची वीट होते. एकाच दिवशी सगळी पुस्तकं हाताळणं जमणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डीप फ्रीजरमध्ये ठेवतात, तिथे बुरशी थांबते आणि सवडीने एकेक काढून वाळवता येतं. आमच्या वेळी आम्ही गावातल्या आइस्क्रीमवाल्याच्या पाया पडलो होतो. त्याने जागा दिली, वर दोन कप मस्तानीही पाजली.

बुरशी आलीच असेल तर ती पुस्तकं बाकीच्यांपासून वेगळी करा. वाळल्यावर, बाहेर मोकळ्यात, नाकाला फडकं बांधून मऊ ब्रशने झाडा. ओल्या फडक्याने पुसाल तर ती कागदात मुरते. खोलीतला दमटपणा 65 टक्क्यांच्या वर राहिला तर ती परत येणारच, तेव्हा कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि खालचा खण जमिनीपासून वर घ्या. डांबराच्या गोळ्या कसरीसाठी असतात, बुरशीला त्यांचं काही सोयरसुतक नसतं.

बादच्या यादीचं जेवून लिहितो.

शहापूरचा बाइंडर

साहेबांनी बरोबर सांगितलंय. माझ्याकडून एवढंच सांगतो, कृपा करून कुणी सेलोटेप लावू नका. वर्षभरात पिवळी पडते, चिकट काही जात नाही, आणि काढायला गेलं की अक्षरं घेऊन येते. फाटलेल्या पानाला पातळ टिश्यू आणि खळ.

खळ मैद्याचीच करा, शिजताना चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) टाका, म्हणजे कसर आणि वाळवी लागत नाही. मोरचूद विषारी असतो, भांडं वेगळं ठेवा, पोराबाळांपासून लांब.

जुन्या पुस्तकांची जुजबंदी असते, म्हणजे एकेक जुज, घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा, दोऱ्याने शिवलेला. ती भिजून उसवली तरी परत शिवता येते, पुस्तक नव्यासारखं उभं राहतं. हल्लीची निव्वळ डिंकावर चिकटवलेली असतात. ती भिजली की पानं हातात येतात, मग बाजूने भोकं पाडून शिवायचं, त्यात आतला समास जातो आणि पुस्तक पूर्ण उघडत नाही. म्हणून आधी जुनी वाचवा. तुमच्या भागातून बेळगावला कुणी येत-जात असेल तर पाठवून द्या, रविवारी बसून करून देईन. दोरा-पुठ्ठ्याचे पैसे द्या, बाकी बघू की नंतर.

पानखूण

बाइंडरदादा, 'बघू की नंतर' म्हणायला तुम्ही इतके मोठे दुकानदार आहात का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. आर्ट पेपरवाली दोन गेली, विटा झाल्या. बाकीची वाचनकक्षात दोरीवर आणि टेबलांवर आहेत. कालपासून सभासद पेपर वाचायला येतात आणि पंख्याखाली पुस्तकं आहेत म्हणून मुकाट्याने घाम पुसत बसतात. एकानेही कुरकुर केली नाही. एक आजोबा तर घरून स्वतःचा टेबलफॅन घेऊन आले.

लोंढा पॅसेंजर

सीमाभागात मराठी पुस्तकं रद्दीत निघाली म्हणजे काय समजायचं ते समजा. आधी पाट्या गेल्या, आता

(संपादित)

संपादक मंडळ

वरील प्रतिसादाचा उरलेला भाग काढला आहे. सीमाप्रश्नावर वेगळे धागे आहेत. हा पुस्तकांचा राहू द्या.

पानखूण

पॅसेंजर, तुमचा सल कळतो. पण आमच्या कमिटीत सगळे आपलेच आहेत, आणि कपाटात माकडांनी पाणी सोडलं, सरकारने नाही.

टिळकवाडीची

तुमच्याकडे कन्नड पुस्तकं ठेवता का? कुतूहल म्हणून विचारते. माझी मुलगी घरी मराठी बोलते पण शाळा कन्नड माध्यमाची. मराठी वाचताना अडखळते आणि कंटाळून ठेवून देते.

पानखूण

ठेवतो. एक छोटं कपाट आहे आणि खरं सांगू, सगळ्यात जास्त झिजलेली पुस्तकं त्यातलीच. शाळा सुटली की पोरं खिडकीतूनच विचारतात, 'अक्का, हुलीची गोष्ट ऐतेन्री?' वाघाची गोष्ट आहे का म्हणून. त्यातली निम्मी पोरं घरी मराठी बोलणारी.

तुमच्या लेकीसारख्यांसाठी मी एक करते. मोठ्या टायपातली, पानावर चार ओळींची मराठी चित्रपुस्तकं मुद्दाम कन्नड कपाटाच्या वरच्या खणात ठेवते. वाघाची शोधता शोधता मराठी माकडाची हाताला लागते. नियमाप्रमाणे हे चूक आहे. पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या ड्यूई पद्धतीत मराठी साहित्य 891.46 आणि कन्नड 894.814. मध्ये 892 ला हिब्रू-अरबी आणि 893 ला जुनी इजिप्शियन येऊन बसतात. म्हणजे ड्यूईसाहेबांच्या हिशेबाने खानापूरहून धारवाडला जायचं तर मक्का आणि कैरो करून जावं लागतं. 1876 साली अमेरिकेत बसून त्यांनी आखणी केली, त्यांना आमची गल्ली कुठे माहीत असणार!

अनगोळचा नाना

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). मक्का-कैरोमार्गे धारवाड. हल्ली रस्त्याचं काम चाललेलं असतं तेव्हा तेवढाच वेळ लागतो की.

निवृत्त ग्रंथपाल

जेवण झालं. आता यादी.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे पाच नियम 1931 सालचे. पहिला, ग्रंथ उपयोगासाठी असतात. पाचवा, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. कमिटीवाले नेहमी पाचवा सांगून जागा मागतात आणि ग्रंथपालाने पहिला सांगून पुस्तक धरून ठेवायचं, हे भांडण जुनं आहे. दोघंही बरोबर असतात. बाद करणं पाप नाही. जो कधीच काही काढत नाही त्याचं वाचनालय गोदाम होतं.

पण 'दहा वर्षांत गेलं नाही' ही एकच कसोटी लावली तर घात होतो. चिठ्ठीवर फक्त घरी नेलेल्याची तारीख पडते, टेबलावर बसून वाचलेल्याची नाही. आणि शेवटच्या खणातलं पुस्तक गुडघे दुखणाऱ्या वाचकाला दिसतच नाही. मी काय करायचो, बादच्या यादीतली पुस्तकं आधी महिनाभर दाराजवळच्या टेबलावर मांडायचो, वर एक पाटी, 'ही चालली, कुणाला हवीत?' त्यातली बरीच फिरायला लागायची.

डोळे मिटून काढावं असं पुष्कळ असतं. अभ्यासक्रम बदललेली गाइडं, जुन्या परीक्षांचे प्रश्नसंच, रद्द झालेल्या कायद्यांची पुस्तकं, एकाच कादंबरीच्या चौथ्या-पाचव्या प्रती, कालबाह्य औषधोपचाराची पुस्तकं (ती तर धोक्याची). कमिटीला जागा हवी ना? आधी ही द्या. गंमत म्हणजे स्पर्धा परीक्षेच्या टेबलांसाठी जागा बहुधा जुन्या स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांतूनच निघते.

आणि ज्याला हात लावायचा नाही ते म्हणजे तुमच्या गावचं जे दुसरीकडे कुठे मिळणार नाही: शाळांचे शतकमहोत्सवी अंक, देवस्थानांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, स्थानिक कवींनी पदरमोड करून छापलेले संग्रह. ते कुणी दहा काय, चाळीस वर्षं नेलं नसेल तरी राहू द्या. कादंबरी पुण्यात मिळेल. नंदगडच्या जत्रेची स्मरणिका नाही मिळणार.

निपाणीकर

याला दुजोरा. 1946 साली बेळगावला माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं, त्यात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्या वेळचा कागद बघायचा म्हटलं तर कुठल्या तरी वाचनालयाच्या माळ्यावरच शोधावा लागतो. (संपादक मंडळ, ही इतिहासाची माहिती आहे, राजकारण नाही!)

अवांतर: आमच्या निपाणीत तंबाखूच्या वखारी. लहानपणी वाचनालयाच्या प्रत्येक पुस्तकाला तंबाखूचा वास यायचा. कसर लागू नये म्हणून लोक पानांत तंबाखूचं पान ठेवायचे. कसर मेली का ते कसरच जाणे, डाग मात्र पक्का. माझी आई दिवसभर विड्या वळायची आणि मी शेजारी बसून मोठ्याने वाचायचो. तिला अक्षर येत नव्हतं, पण कुठल्या प्रकरणात थांबलोय ते माझ्यापेक्षा तिच्या जास्त लक्षात असायचं. आठवड्याला दोन पुस्तकं बदलून आणायचो. ग्रंथपाल मला म्हणायचे, 'आईला विचार, मागचं आवडलं का?' मला कधी विचारलं नाही.

पानखूण

निपाणीकर, हे वाचून थोडा वेळ काउंटरवर कुणाशी बोलले नाही.

पुण्यातला बेळगावी

माझ्याकडे घरात दोन खोकी पुस्तकं पडून आहेत. जुने विश्वकोशाचे सुटे खंड, इंजिनियरिंगची, मुलांच्या शाळेची. तुमच्या वाचनालयाला दान द्यायला आवडेल. कुठे पाठवू?

पानखूण

मनापासून धन्यवाद. स्पष्ट लिहिते, राग मानू नका. ज्या कपाटातून मी आता पुस्तकं काढतेय त्यातला मोठा भाग अशाच खोक्यांतून आलेला आहे. माणसं घर बदलताना पुस्तकं रद्दीत घालायला कचरतात आणि ते अवघड काम आमच्यावर सोपवतात. सुटे खंड आणि पाठ्यपुस्तकं नकोत. त्याऐवजी गोष्टींची नवी दहा पुस्तकं पाठवलीत तर पोरं त्यांचा फडशा पाडतील.

पाठवण्याचंही एक त्रांगडं झालंय. पोस्टाची रजिस्टर्ड बुक पोस्ट 2024 च्या डिसेंबरात बंद झाली. स्वस्तात पुस्तक यायचा तो एक रस्ता होता. एसटीने पाठवलं तर तणावाच्या दिवसांत गाड्या हद्दीवरच्या कोगनोळीपर्यंतच येतात. मागे आमचं एक पार्सल तिकडेच अडकलं होतं, शेवटी गडहिंग्लजहून येणाऱ्या एका भाजीवाल्याने आणून दिलं. बाराखडीच्या पुस्तकांना कोथिंबिरीचा वास होता.

पुण्यातला बेळगावी

राग नाही, पण डोळे उघडले. दिवाळीला येतोय, गोष्टींची पुस्तकं हातानेच आणतो. बदल्यात कुंदा कुठला चांगला ते सांगा.

अनगोळचा नाना

कुंद्यावर वेगळा धागा काढा, नाहीतर हा पाचशे प्रतिसादांवर जाईल.

चंदगडी पाऊस

आमच्याकडे, म्हणजे हद्दीच्या अलीकडे महाराष्ट्रात, 1967 च्या कायद्याखाली वाचनालयांना अ-ब-क-ड वर्ग असतो, अनुदान येतं. उशिरा येतं, पण येतं. तुमच्याकडे कसं?

पानखूण

कर्नाटकात 1965 चा कायदा. घरपट्टीबरोबर 6 टक्के ग्रंथालय उपकर घेतात, तो सरकारी ग्रंथालयांसाठी. ग्रामपंचायतींची ग्रंथालयं आता 'अरिवु केंद्र' झाली आहेत, काही ठिकाणी संगणक-बिंगणक, छान चाललंय. आमच्यासारख्या जुन्या संस्थांची भिस्त वर्गणी, देणग्या आणि दिवाळी अंक यांवर. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 चं, तुमच्या कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर 1850 चं. एवढी वर्षं ही घरं कुणाच्या ना कुणाच्या आठ आणे-रुपयाच्या वर्गणीवरच उभी आहेत.

टिळकवाडीची

ते 51 वालं कोण आहे, कळलं का? माझ्या मावशीची खूण 33 होती, म्हणून ती नाही.

पानखूण

नाही. पण एक झालं. परवा एक नवं कोरं पुस्तक परत आलं, गेल्याच वर्षी घेतलेलं. सहज 51 उघडलं. गोल! म्हणजे माणूस हयात आहे, येतोय, आणि माझ्यासमोरूनच पुस्तक बदलून जातोय.

लोंढा पॅसेंजर

मग देवघेवीचं रजिस्टर उघडा की! ते पुस्तक कुणाकुणाकडे गेलं ते बघायचं, जुन्यांशी ताडून बघायचं, दहा मिनिटांत सापडेल.

पानखूण

सापडेल. पण बघणार नाही.

निवृत्त ग्रंथपाल

शाब्बास. कोण काय वाचतो हे काउंटरच्या अलीकडेच राहायला हवं. आमच्याकडे एकदा एक गृहस्थ आपल्या मुलाने कुठली पुस्तकं नेली याची यादी मागायला आले होते. मी त्यांना त्यांचीच यादी दाखवू का विचारलं, तर घाईघाईने निघून गेले.

शहापूरचा बाइंडर

ताई, गाठोडं मिळालं. अकरा पुस्तकं शिवून होतील, दोन खंडांची पाठ नवी घालावी लागेल. एक चिंधड्या झालेलं आहे, त्याचं काय करू? आत गावातल्या शाळेच्या नाटकाचा फोटो आहे, पोरं पगडी घालून उभी.

पानखूण

ते तसंच ठेवा, जाड पाकिटात घालून द्या. ते कुठल्याही यादीत जाणार नाही.

कमिटीची बैठक झाली, म्हणून थोडं लिहिते. निवृत्तकाकांच्या सांगण्याप्रमाणे आधी जुनी गाइडं आणि जादा प्रती ढीग करून टेबलावर मांडल्या. अध्यक्षांना ढीग दिसला तशी टेबलांची चिंता मिटली. बाद पुस्तकांवर शिक्का मारायचा, रजिस्टरात ठराव क्रमांक आणि तारीख लिहायची, मगच रद्दी, असं ठरलं. नाहीतर आपल्या शिक्क्याचं पुस्तक फुटपाथवर दिसलं की चोरीचा बोभाटा होतो. प्रवासवर्णनं बचावली. कथासंग्रहांतले काही जाणारच, ते 'ही चालली' टेबलावर महिनाभर राहतील. पहिल्याच संध्याकाळी सात गेले, त्यात ते 1987 वालं होतं. एका कॉलेजच्या मुलीने नेलं, मुखपृष्ठ 'कूल' आहे म्हणे.

हरलेली बाजूही सांगते. मासिकांच्या बांधीव खंडांसाठी मी फार भांडले. निम्मे गेले. जागा नाही म्हणजे नाही. स्कॅन करून घेऊ म्हणाले, पण स्कॅनरला पैसे कुठून येणार ते कुणी बोललं नाही. रद्दीवाल्याने तराजूत टाकताना एक खंड उघडून वाचायला सुरुवात केली, तेव्हा मी आत निघून गेले.

निपाणीकर

उरलेल्या खंडांची निदान अनुक्रमणिका मोबाइलवर फोटो काढून ठेवा. फोटोला पैसे पडत नाहीत. दोन शनिवार मी येतो मदतीला, निपाणीहून सकाळची गाडी आहे.

पानखूण

या. डबा आणू नका, शेजारच्या काकू दोन दिवस मागे लागल्या आहेत की फोटोवाले कधी येणार, भाकरी किती टाकू.

अनगोळचा नाना

ते सगळं ठीक. दिवाळी अंकांची वर्गणी कधीपासून घेणार? मागच्या वर्षी मी पोचेपर्यंत चांगले अंक सगळे बाहेर गेलेले, माझ्या वाट्याला नुसती राशिभविष्यं.

पानखूण

दसऱ्यापासून. पहिल्या दिवशी या, नाना. आणि मागच्या वर्षीचा राशिभविष्याचा अंक अजून तुमच्याकडेच आहे.